माझ्या जबाबातले भंवरजी

भंवरजी कुणाच्याही घरी आले की बेल वाजवण्याआधी दाराच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. वरून खाली, सावकाश, डोळे मिटून. मग बेल. आपण दार उघडेपर्यंत त्यांचं निदान झालेलं असायचं. "ताई, दार फुगलंय बगा. फरशी पुसताना पाणी लई मारताय." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी बघतच राहिले. जयपूरच्या प्रताप नगरात, हाउसिंग बोर्डाच्या तिसऱ्या मजल्यावर, डोक्याला पंचा गुंडाळलेला एक राजस्थानी सुतार माझ्याशी सांगलीकडच्या मराठीत बोलत होता. मी मिरजेची. इकडे कॉलेजात फिजिक्स शिकवायला येऊन मला तेव्हा चारच महिने झाले होते आणि नवरा सोडून कुणाशी मराठी बोलायला मिळत नव्हतं. मी त्यांना आत बोलावून आधी चहा दिला, दार नंतर दाखवलं.

नाव भंवरलाल. गाव जयपूरजवळच, कानोत्याच्या पुढं. सतराव्या वर्षी मामानं त्यांना फर्निचरच्या कामाला सांगलीला नेलं होतं, तिथं ते दोन-अडीच वर्षं राहिले. तेवढ्यात त्यांनी जी मराठी उचलली ती इथल्या मराठी घरांतल्या मुलांना जन्मात येणार नाही. आमची मुलं "आई, मतलब मला भूक लागली" म्हणणारी. भंवरजी त्यांना चिडवायचे, "आरं, म्हराटी हाईस का कोन हाईस?" सांगली का सोडली, असं मी एकदा विचारलं होतं. "पानी मानवलं न्हाई," म्हणाले. कृष्णेचं पाणी न मानवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, पण पुढं काही विचारलं नाही.

लाकडाशी ते बोलायचे, आणि लाकूडही त्यांच्याशी बोलतं असा त्यांचा दावा होता. कुणी घाई केली की रंधा बाजूला ठेवून म्हणायचे, "त्येला बसू द्या की जरा. आत्ताच कापलंय त्येला." रेडिमेड फर्निचरबद्दल त्यांचं मत एका शब्दाचं होतं, "पुठ्ठा." माझ्या नवऱ्यानं हौसेनं आणलेल्या कपाटाला ते दहा वर्षं पुठ्ठाच म्हणत राहिले आणि दर दिवाळीला त्याची दारं न सांगता नीट करून देत राहिले.

आमच्या चार-पाच मराठी घरांची कुलपं त्यांनीच बसवलेली. हळूहळू चाव्याही त्यांच्याकडे राहू लागल्या. मे महिन्यात सगळे आपापल्या गावी जायचे, तेव्हा झाडांना पाणी घालायला, टाकी बघायला भंवरजी. इतक्या वर्षांत कुणाचा चमचा हलला नाही. माझी आई एकदा इकडे आली होती, ती म्हणाली होती, "परमुलखात असा माणूस मिळायला नशीब लागतं." ते मी सगळ्यांना अभिमानानं सांगायची, जणू ते नशीब मीच कमावलं होतं.

आता मुद्द्यावर येते. मला अन्याय सहन होत नाही, असं मी लोकांना फार वेळा सांगते. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ जिन्याच्या तोंडाशी स्कूटर लावत. एका रविवारी भंवरजी माझ्या न्हाणीघरासाठी नवीन दार घेऊन वर येत होते, दाराचा कोपरा स्कूटरला लागला. गृहस्थांनी शिवी दिली, भंवरजींनी "बोलताना नीट बोला" एवढंच हिंदीत म्हटलं, आणि गृहस्थांनी त्यांना धक्का मारला. भंवरजी दोन पायऱ्या खाली पडले. चष्मा फुटला, कोपर सोललं. मी धावत खाली गेले आणि म्हणाले, "चला. ठाण्यात."

"जाऊ द्या की ताई. चष्मा हाय, दुसरा घिऊ."

"का म्हणून जाऊ द्यायचं?"

"ठान्यात नको," ते म्हणाले. मग हात जोडून पुन्हा म्हणाले, "ताई, ऐका माझं. नको."

मला वाटलं, गरीब माणूस, पोलिसांना घाबरतो. अशा वेळी शिकलेल्या माणसानं पाठीशी उभं राहायला हवं. मी त्यांचा दंड धरून रिक्षात बसवलं.

इकडे भांडण घेऊन ठाण्यात गेलं की बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना शांतिभंगाच्या कलमाखाली बसवून ठेवतात आणि मग जामिनावर सोडतात. मला हे ठाऊक नव्हतं. हवालदार म्हणाला, "मैडम, दोनों पार्टी बैठेगी. कायदा है." मी कायद्यावर एक व्याख्यान दिलं, त्यानं ते शांतपणे ऐकलं, खालच्या गृहस्थांना बोलावून घेतलं आणि दोघांचीही नावं लिहिली. मग बोटांचे ठसे. आता शाई नसते. एक लहानशी काच असते, तिच्यावर आधी चार बोटं, मग अंगठे. गृहस्थांचे झटक्यात झाले. भंवरजींचे काही केल्या उमटेनात. बोटांवर सरस वाळलेला, वर लाकडाची धूळ. हवालदार कंटाळला. भंवरजी हात परत परत पँटला पुसत होते. तेव्हा मीच पर्समधून ओला रुमाल काढला आणि म्हणाले, "द्या इकडे." एकेक बोट मी स्वतः पुसून दिलं. ठसे उमटले. संध्याकाळी दोघं सुटले. खालच्या गृहस्थांनी स्कूटर हलवली, आणि मी आठवडाभर जिंकल्यासारखी वावरत होते.

दीड महिन्यानं सांगलीचे पोलीस आले. एक तरुण फौजदार, बरोबर दोन शिपाई. भंवरजींना गावातून उचलून ते थेट आमच्याकडे आले होते. भंवरजी खाली गाडीत बसलेले, फौजदार वर माझ्या सोफ्यावर. त्यांनी सांगितलं ते असं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी सांगलीत एका घरात भरदुपारी चोरी झाली. दोन पाटल्या आणि एक मोहनमाळ. घरचे लग्नाला गेले होते. कपाटाच्या दाराला आतून लावलेल्या आरशावर एक अंगठा आणि दोन बोटं मिळाली होती. तेव्हा जुळवायला कुणी नव्हतं, फाईल बंद झाली. आता जुने ठसेही कॉम्प्युटरमध्ये घातलेत, आणि देशात कुठंही नवीन ठसा घेतला की तो जुन्यांशी ताडून पाहिला जातो.

"ठसा आमच्याकडे होताच मॅडम," ते म्हणाले. "नाव नव्हतं. ते आता मिळालं."

मी विचारलं, "माझ्याकडे का आलात?"

"त्यांनीच तुमचं नाव सांगितलं. ओळखीचं कोण आहे विचारलं, तर म्हणाले, ताई आहेत."

मग फौजदारांनी वही उघडून अगदी साधेपणानं विचारलं, "तुमच्याकडनं कधी काही गेलंय?"

इथं मला थांबता आलं असतं. "नाही" हा एक शब्द होता आणि तो दहा वर्षं खरा होता. पण माझ्या डोक्यात एकदम सगळी दारं उघडली. चाव्या, मे महिना, रिकामी घरं. आणि आठवली ती आईची चांदीची अत्तरदाणी. तीन वर्षं ती दिसत नव्हती. मी तिचा विचारही सोडून दिला होता. मी म्हणाले, "एक अत्तरदाणी गेली आहे. चावी यांच्याकडेच असायची." चोरी भंवरलालनं केली, असं फौजदारांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. गॅलरीतून खाली पाहिलं तेव्हा भंवरजी गाडीच्या खिडकीतून वर बघत होते. त्यांनी मान हलवली, जणू मी आहे म्हणून त्यांना बरं वाटलं.

त्या आठवड्यात सगळ्या मराठी घरांची कुलपं बदलली गेली. प्रत्येकीला काही ना काही हरवलेलं आठवत होतं. कुणाची वाटी, कुणाचा जुना मोबाईल. मीही सांगानेरहून दुसरा सुतार बोलावला. नवरा म्हणाला, "अगं, तो माणूस तिकडे तुरुंगात आहे, कुलूप कुणासाठी बदलतेस?" मी त्याच्यावरच ओरडले.

गौरींच्या वेळी मिरजेहून वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. तिची आरास बघता बघता मला हळदीकुंकवाच्या ताटात अत्तरदाणी दिसली. "अगं, तूच नाही का ठेवून गेलीस, आईच्या वर्षश्राद्धाला?" वहिनी म्हणाली. "नेईन पुढच्या वेळी, म्हणालीस." आठवलं. लख्ख आठवलं. मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पोलिसांना कळवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलच्या परीक्षा होत्या. मग नवरात्र आलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून मी रोज एक कारण शोधत होते.

दिवाळीनंतर भंवरजी जामिनावर सुटून आले. खूप वाळले होते. बेल वाजली, मी दार उघडलं. त्यांनी खिशातून जुनी चावी काढून माझ्या हातावर ठेवली. नजर नव्या कुलपावर गेली. "बरं केलं," ते म्हणाले. मग राहवेना म्हणून, "कडी तिरकी बसवलीय. दोन महिन्यांत अडकंल."

मी त्यांना आत बसवलं. चहा प्यायले नाहीत. मी विचारलं, "का केलंत हो तेव्हा?"

"गरज न्हवती ताई. फटफटी घ्यायची हुती. घेतली, सा महिन्यांत इकली." मग म्हणाले, "त्या घरात भांडी घासाय एक बाई हुती. सायबांनी गाडीत सांगितलं, तिच्यावर आळ आला. काम सुटलं तिचं. गल्लीत कुनी घेतली न्हाई तिला परत. मला ठावंच न्हवतं. मला वाटायचं, ज्येंचं घेतलं ते आन मी, एवढंच हाय. ही बाई मधी हाय, हे अठ्ठावीस वर्सं ठावं न्हवतं."

मग मीही सांगितलं. "भंवरजी, अत्तरदाणी सापडली. माझ्या भावाकडे होती."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "दोन दिवस इचारत हुते तिचं," म्हणाले. "मी म्हनलं, ताईंचं मी काय घेतलं न्हाई. ते म्हनले, ताईच सांगतायत." मग त्यांनी विचारलं, "पोलिसांस्नी कळवलं?"

"अजून नाही," मी म्हणाले.

"कळवा ताई. आरशावरचं माझं हाय, ते मी मान्य केलंय. हे माझं न्हाई. कागदावर ऱ्हायलं की ऱ्हातंय ते."

त्याच दिवशी मी सांगलीच्या पोलिसांना अर्ज लिहिला आणि रजिस्टर पोस्टानं पाठवला. उत्तर नाही. नाताळच्या सुट्टीत स्वतः सांगलीला गेले. त्या फौजदारांची बदली झाली होती. नव्यांनी फाईल चाळली आणि म्हणाले, "तुमचा जबाब दोषारोपपत्राला जोडून कोर्टात गेलाय. आता साक्षीला बोलावतील तेव्हा सांगा." मी ठरवलं, कोर्टात उभी राहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन की मी खोटं बोलले. काय बोलायचं ते मी पाठसुद्धा केलं होतं.

मार्चमध्ये भंवरजींच्या मुलीचा फोन आला. सकाळी अंगणात खाट ठोकत बसले होते, तिथंच छातीत दुखून गेले. मी गावी गेले. त्यांच्या बायकोनं मला ओळखलं, पाणी दिलं आणि हिंदीत म्हणाली, "आपकी बहुत बात करते थे." तिला जबाबाचं ठाऊक आहे की नाही, हे मला विचारता आलं नाही.

नंतर मी सांगलीच्या कोर्टात फोन केला, साक्षीची तारीख कधी आहे म्हणून. तिथल्या कारकुनानं नंबर विचारून शोधलं. आरोपी मयत, प्रकरण बंद, आता साक्ष व्हायची नाही, असं त्यानं सांगितलं. मी म्हणाले, माझा जबाब चुकीचा आहे, तो बदलायचा आहे. तो म्हणाला, "आता कशाला, बाई? आता कुणी वाचणार नाही ते." मी विचारलं, मग तो कागद काढून टाकतील का? "काढत नाही," तो म्हणाला. "फाईलमध्ये राहतो." त्या कागदावर लिहिलंय की भंवरलालनं माझ्या घरात चोरी केली. खाली माझी सही आहे.