बोटीच्या डॉक्टरआधीचा रविवार

आमच्या खाणीवरची पोरं मुंबईला जातात ती राणीचा बाग बघायला, चौपाटीवर भेळ खायला. मी गेलो तो एका काट्यावर उभा राहायला.

उन्हाळ्यात एकदा मी बोटीवरच्या भरतीला जाऊन आलो होतो. गोदीतल्या त्या कंपनीच्या डॉक्टरनं छाती बघितली, डोळे बघितले, दात बघितले, सगळं ठीक म्हणाला. मग काट्यावर चढवलं आणि थांबला. "इंजिनखोलीची शिडी उभी असते. एवढा जड माणूस मी घेत नाही. एकशे साठ पौंडांच्या आत ये, मग बघू." तेव्हा मी एकशे ऐंशीच्या वर होतो. खाणीत माझं काम बसून. उतारावरून कोळशाच्या गाड्या दोरानं वर ओढायचं इंजिन मी चालवतो.

मग पावसाळ्यात खाली छत बसलं आणि बाळ्या गेला. बाळ्या माझ्याच गावचा, कणकवलीकडचा. तो खाली कोळसा तोडायचा, मी वर दोर ओढायचो. त्याची आई, जिला मी काकी म्हणतो, आणि बहीण शेवंती मुंबईत, घोडपदेवला. त्यांना तार पोचून त्या निघेपर्यंत थांबण्यासारखी प्रेताची अवस्था नव्हती. अग्नी मी दिला. त्यानंतर मला चांद्याकडच्या त्या खाणीतनं बाहेर पडायचंच होतं, आणि बाहेर पडायची वाट एकशे साठ पौंडांतून जात होती.

म्हणून पहाटे दंड-बैठका, मारुतीच्या देवळापर्यंत पळत जायचं आणि पळत यायचं. सोमवार ते शनिवार ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. भात बंद, गूळ बंद. शनिवारपर्यंत लेंग्याचा नाडा बोटभर जास्त ओढावा लागायचा. पण रविवार खाणीवर बाजाराचा. खानावळीत मटण शिजायचं, त्याचा वास इंजिनापर्यंत यायचा, आणि सहा दिवस धरून ठेवलेलं सगळं सातव्या दिवशी सुटायचं. सोमवारी नाडा पुन्हा जुन्या जागी. कोळसा मोजायच्या काट्यावर मी चढलो की पोरं ओरडायची, "इष्ण्या, तुझी गाडी भरली, ओढा रे वर!" सुरुवातीला वजन भराभर उतरलं. मग एकशे सहासष्टावर जे अडकलं ते हलेना. भरती पुन्हा निघाल्याचं कळलं तेव्हा मी दोन आठवड्यांची रजा टाकली. मुंबईत रोज तालीम करायची, मधल्या रविवारी तोंडाला कुलूप घालायचं, आणि सोमवारी काट्यावर चढायचं, असा बेत.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. चांद्याहून निघालात की वर्ध्याला गाडी बदला. तिथे बराच वेळ काढावा लागतो, तेव्हा अंगावर घ्यायला काहीतरी बरोबर ठेवा. थंडीत फलाटाची फरशी हाडात शिरते. भुसावळला केळी स्वस्त आणि चांगली. मी वास घेतला आणि तोंड फिरवलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं अख्खी फणी संपवली. साली खिडकीतनं टाकत मला म्हणाला, "उपास काय?" मी म्हटलं, "होय." "कुठल्या देवाचा?" मी म्हटलं, "बोटीच्या." त्यानंतर मुंबईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

दादरला उतरलो. फलाटावर आणा टाकला की वजनाचं तिकीट देणारं यंत्र आहे. एकशे चौसष्ट. तिकिटामागे छापलं होतं की लांबचा प्रवास सुखाचा होईल. ट्रंक खांद्यावर घेऊन ट्रामकडे गेलो. ट्रंक माझी नव्हती, बाळ्याची होती. दोन शर्ट, एक घोंगडी, आरसा.

लालबागला आमच्या गावकऱ्यांची खोली आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं पाळीपाळीनं झोपतात. एक पाळी गिरणीत गेली की तिच्या वळकट्या गुंडाळायच्या आणि आलेल्या पाळीच्या पसरायच्या. गावच्या माणसाला भाडं नाही, चार दिवस कुणीही हात धरून बाहेर काढत नाही. खोलीचा कारभार तात्यांकडे. गिरणीच्या साच्यावर, म्हणजे मागावर, तीस वर्षं घालवलेला माणूस, खोकला मोठा, आवाज त्याहून मोठा.

"काय रे इष्ण्या, खाणीत कोळसा खातोस की काय? गेल्या वेळी दारातनं आडवा शिरला होतास, आता सरळ शिरलास."

मी खूश झालो. पण खोलीतली बाकीची माणसं हसली नाहीत. चळवळीचे दिवस होते. हरताळ झाला की गिरणी बंद, गिरणी बंद की त्या दिवसाचा पगार नाही, वरून भायखळ्याच्या बाजारात भाजी महाग. माणसं चहा-पावावर मोर्चाला जात होती. भिंतींवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' चुन्यानं लिहिलेलं, त्याखाली बरगड्या मोजता येतील अशी माणसं झोपलेली, आणि त्यांच्यात मी, भाकरी अर्धी टाकून उठणारा. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटातली उरलेली अर्धी भाकरी शेजारच्यानं न विचारता उचलली. 

आठवडाभर मी शिस्तीत होतो. पहाटे गल्लीतल्या तालमीत जोर काढायचे, मग चालायचं. एके दिवशी गिरगावला गेलो. आमच्या खाणीवरच्या कारकुनाची बहीण तिथे राहते, तिला द्यायला त्यानं मधाची बाटली दिली होती. हरताळामुळे ट्रामा बंद. लालबागहून गिरगाव पायी जायचं तर भायखळ्यावरून सरळ खाली चालत राहायचं, वाट चुकत नाही, पण चपला जुन्या असतील तर नव्या घालून जा. बाईंनी दार उघडून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"दादानं कळवलं होतं की एक लठ्ठसे गृहस्थ येतील. तुम्हीच का ते?"

"मीच तो. थोडा उतरलोय."

"अगंबाई! मग बसा ना, चिवडा आणते. इतक्या लांबून चालत आलात."

मी पाणी मागितलं आणि निघालो. जिना उतरताना पोटात खड्डा पडला होता, पण मनात ऊब होती. भायखळ्याला आलो तर मोर्चा पांगवायला पोलिसांनी धूर सोडलेला. माणसं माझ्या अंगावरून पळत होती. कुणीतरी ओरडला, "अरे हल की म्हशी, मरशील!" आणि मी पळालो. पुढच्या दोघांना मागे टाकून लालबागच्या नाक्यापर्यंत पळालो. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पण दम लागला नव्हता. उन्हाळ्यात मी शंभर पावलं पळू शकलो नसतो.

शनिवारी दादरला जाऊन पुन्हा आणा टाकला. एकशे एकोणसाठ.

खोलीवर येऊन मी तात्यांना तिकीट दाखवलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं. "मग सुटलास की! उद्याचा दिवस झोपून काढ."

"उद्या घोडपदेवला जायचंय. बाळ्याची ट्रंक द्यायची आहे. काकीला मी कळवलंय, रविवारी येतो म्हणून."

तात्यांचा हात तिथंच थांबला. "रविवारी येतो, असं कळवलंस?"

"होय. रविवारी शेवंतीला सुट्टी असते ना."

"अरे, तिच्या घरात अजून तिखट जेवण झालं नाही."

आमच्यात रीत आहे. सुतक संपलं की घरात एक दिवस मासळी-कोंबडी शिजवून तिखट जेवण करायचं. तोवर घर अळणी. ज्यानं अग्नी दिला तो पहिला पानावर बसतो, त्यानं घास घेतला की दुःखाची माणसं घास घेतात. हे मला माहीत होतं. पण खाणीवर कुणाचं घर नसतं, तिथं माणूस जाळला की दुसऱ्या दिवशी पाळी. मी दिवस कळवून बसलो आणि त्याचा अर्थ मला लागला नाही. शेजारच्या चाळीतल्यांनीही काकीला किती वेळा सांगून पाहिलं म्हणे. ती म्हणायची, ज्यानं अग्नी दिला तो येईल तेव्हा.

"मंगळवारी जातो," मी म्हटलं.

"बाजार झाला असेल तिचा," तात्या म्हणाले आणि तिकीट मला परत दिलं.

घोडपदेवला भायखळा स्टेशनावरून चालत जाता येतं. चाळीचा जिना चढतानाच मसाल्याचा वास आला. काकी दारातच होती. उन्हाळ्यात मी तिला पाहिली होती तेव्हा पाण्याच्या दोन कळशा एका हातात धरणारी बाई होती ती. आता बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. तिनं ट्रंक घेतली, उघडली नाही, कॉटखाली सरकवली.

"बस हयसर. माज्या समोर बस."

शेवंती, बाळ्याची बहीण, पानं वाढत होती. बांगड्याचं तिखलं, कोंबडीची सागुती, वडे, भात. कावळ्यासाठी पान आधीच गच्चीत ठेवून झालं होतं. एवढं सामान हरताळाच्या दिवसांत कसं आणलं, ते मी विचारलं नाही.

मनात ठरवलं, एक घास. रीत झाली की उठायचं. मी बांगड्याचा तुकडा भाताबरोबर तोंडात घातला. काकीनं माझ्याकडे बघत एक घास घेतला. मी थांबलो. ती थांबली. मी पुन्हा घेतला, तिनं घेतला. मी पाणी प्यायच्या निमित्तानं हात आखडला, तर तिचा हात पानावर तसाच राहिला.

"जेवा हो दादा," शेवंती हळू म्हणाली. "तुम्ही थांबलात की आई थांबते. दिवसाकाठी अर्धी पेज जाते तिच्या पोटात."

मी जेवायला लागलो.

पान अर्ध्यावर आलं तेव्हा काकीनं विचारलं, "त्या दिवशी जेवलो होतो बाळ्या?"

छत बसलं ते जेवणाच्या सुट्टीआधी. बाळ्याचा डबा माझ्या इंजिनखोलीत खुंटीला होता. मी तो सकाळपासून बघत होतो. आत वांग्याची भाजी होती.

"नाय काकी. डबो तसोच ऱ्हवलो."

ती रडेल असं मला वाटलं. ती उठली, माझ्या पानात तीन वडे घातले, वर सागुती ओतली. "मग तेचो वाटो तू खा. खालीपोटी गेलो माजो झील."

मी ते खाल्लं. ती समोर बसून माझ्याबरोबर जेवली, पान पुसून जेवली. शेवंतीनं पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड केलं. मी निघताना काकी दारापर्यंत आली, म्हणाली, "बोटीर जातंस म्हणान तात्या सांगी होतो. जा. जमनीखाली जाव नको."

सोमवारी उजाडायच्या आत मी खोलीवरची एक घोंगडी पांघरून माझगावपर्यंत पळालो आणि परत आलो. पाण्याचा थेंब घेतला नाही. घाम पायांत उतरून चपला निसटत होत्या. डॉक्टरच्या दारात रांगेत उभा असताना डोळ्यांपुढे काळं येत होतं. काट्यावर चढलो.

"एकशे बासष्ट," डॉक्टर म्हणाला. चष्म्यावरून बघितलं. "काल जेवलास का?"

"जेवलो."

"आजचा दिवस माहीत होता ना?"

"होता."

तो वाईट माणूस नव्हता. "मेहनत दिसते तुझी. पण दोन पौंड सोडले तर पुढच्याला चार सोडायला सांगतील. पुढच्या भरतीला ये." पुढची भरती कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं. माझ्यामागचा मुलगा काट्यावर चढला. त्याच्या हाडांचा आवाज झाला असता तर ऐकू आला असता.

खोलीवर तात्यांनी माझ्या पुढ्यात चहा ठेवला आणि साखर घालू का म्हणून हातानंच विचारलं. मी घाला म्हटलं.

येताना भुसावळला केळी घेतली. वर्ध्याला फलाटावर वडे मिळतात, गरम असतात.

आता खाणीवर परत इंजिनावर आहे. पहाटे पळतो, भाकरी-ताक चालू आहे, रविवार येतो तसा येतो. काटा कधी एकशे पासष्ट, कधी अडुसष्ट. पोरं म्हणतात, म्हातारीसाठी बोट सोडलीस, मोठं काम केलंस. शेवंतीनं कुणाकडून तरी निरोप धाडला की आई आता दोन्ही वेळ जेवते, पाणी स्वतः भरते. हे खरं आहे, आणि मला त्याचं समाधान आहे.

पण जाणाऱ्यांसाठी लिहायला बसलोय तर अर्धं लिहून उपयोग नाही. पहिलं पान मी काकीसाठी खाल्लं. दुसरा वाटा बाळ्याचा होता. त्यानंतर शेवंती भांडी आत नेत होती तेव्हा मी तिला थांबवलं आणि आणखी भात मागितला. काकी तेव्हा हात धुवायला उठून गेली होती. समोर कुणी नव्हतं. रस्सा फार चांगला झाला होता, आणि मी सहा दिवसांचा भुकेला होतो.

तो भात किती पौंडांचा होता, याचा विचार मी गाड्या ओढताना करतो. खालून घंटा वाजते, मी दोर सोडतो, नवी पाळी उताराला लागते.