माझ्याकडे साक्ष नव्हती

आमच्या दौंडच्या ख्रिस्ती मंडळीत एक जुनी रीत आहे. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी सभा भरते. गीतं होतात, प्रार्थना होते आणि मग ज्याला वाटेल तो उठून साक्ष देतो. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं. त्यानंतर पोहे आणि चहा. माझं लहानपण या सभांमध्ये पोह्यांची वाट पाहण्यात गेलं.

साक्षी एकापेक्षा एक असायच्या. एकाची दारू एका प्रार्थनेत सुटलेली. एकाच्या पायावरून नाग गेलेला आणि डसला नाही. आईची एक मैत्रीण आहे, तिला आम्ही सगळेच मावशी म्हणतो. तिच्या बाळंतपणात जीव जायची वेळ आली, तेव्हा तिला दवाखान्याच्या भिंतीवर उजेड दिसला होता. तो उजेड मी इतक्या वेळा ऐकलाय की त्या भिंतीचा रंगही मला पाठ झालाय. फिकट हिरवा, खाली पोपडे आलेला.

मी जन्माचा ख्रिस्ती. पाळण्यात बाप्तिस्मा, पंधराव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे तोच विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करणं. दारूला कधी शिवलो नाही, त्यामुळे ती सुटायचा प्रश्न नाही. नाग तर सोडाच, मला कधी कुत्रंही चावलं नाही. सणसवाडीच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे, राहतोही तिकडेच, पण मंडळी अजून दौंडचीच. दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढायची, हे माझं काम. ते मी घरीही करतो, असं बायको म्हणते. सभेत माझ्यावर उठायची पाळी आली की मी "प्रभूचे आभार मानतो" एवढं म्हणून खाली बसायचो. शेजारच्याला मी उठलो होतो हे कळायचंसुद्धा नाही.

आई गेली तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. कबरेत मातीची मूठ टाकताना मी मनात म्हटलं, आता तरी काहीतरी जाणवू दे. आईचं दुःख होतं, ते खरं होतं. पण देव म्हणावा असं कुणी तिथं मला जाणवलं नाही. भोवती सगळे गात होते, रडत होते आणि मी खड्ड्याच्या कडा सरळ आहेत का ते बघत होतो.

पुढच्या उपवासकाळात पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा फोन आला. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, दुपारी चर्चमध्ये शेवटची मोठी सभा असते. त्या सभेत माझी आई कितीतरी वर्षं साक्ष द्यायची. "यंदा आईच्या जागी तुम्ही उभं राहा," पाळकसाहेब म्हणाले. मी हो म्हणून टाकलं, आणि फोन ठेवल्यावर घाबरलो. लोकांसमोर बोलायची मला भीती नाही, कंपनीत ऑडिटरला मी झोपवतो. भीती वेगळीच होती. उभं राहून आत डोकावलं आणि आत काहीच नसलं तर? इतकी वर्षं मी नुसता गात आलो असेन तर?

आमच्या डिझाइनमध्ये पस्तिशीचा एक इंजिनिअर आहे. डोक्यानं तल्लख, बोलायला मऊ. कँटीनमध्ये तो माझ्यासमोर बसतो, कारण माझ्या तोंडाला भिऊन दुसरं कुणी तिथं बसत नाही. त्याला मी एकदा बोलता बोलता माझी अडचण सांगितली. त्यानं डबा बाजूला सारला आणि हळू आवाजात त्याची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी डोंगरात मित्रांबरोबर त्यानं नशेचे मशरूम खाल्ले होते. "सर, मी होतो आणि नव्हतोही. सगळं एकच झालं होतं. आणि त्या सगळ्यात कुणीतरी माझ्यावर फार प्रेम करत होतं." घरी गेल्यावर त्यानं वडिलांचे पाय धरले. त्याआधी सहा वर्षं बापलेकांचं बोलणं बंद होतं.

घास माझ्या हातातच राहिला. आमच्या मंडळीत कुणी अशी साक्ष दिली असती तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. आणि हा गडी कुठल्याच देवळात जात नाही! देव प्रीती आहे असं मी जन्मभर गातोय, आणि ती प्रीती अनुभवली कुणी, तर यानं. मला त्याचा हेवा वाटला. सरळ, काळाकुट्ट हेवा.

चार दिवसांनी त्यानं मला एक छोटी डबी दिली. हे कायद्यात बसत नाही हेही सांगितलं, आणि एकट्यानं घेऊ नका असंही. मी मोबाइलवर शोधाशोध केली. एक ख्रिस्ती माणूस सांगत होता, ही शुद्ध चेटूकविद्या. दुसरा म्हणत होता, वनस्पती देवानंच केली, ती फक्त दार उघडते. तिसऱ्याला तर मशरूम खाऊन साक्षात प्रभू भेटला होता. तिघेही छातीठोक बोलत होते, त्यामुळे मला तिघांचाही राग आला. पाळकसाहेबांना आडून आडून विचारलं, तर ते म्हणाले, "सैतानाचं काम आहे ते. बरं, येताना माइकची लांब वायर आणाल का?"

डबी मी स्वयंपाकघरात मसाल्यांच्या मागे ठेवली. हा शुद्ध गाढवपणा होता. दुसऱ्याच दिवशी बायकोच्या हाती लागली.

"अहो, हे काय?"

"मशरूम."

"एवढुसे? आणि वाळून कोळसा झालेत. भाजी कुणाला पुरायची ही?"

मला खोटं बोलता येत नाही, निदान तिच्याशी तरी नाही. मी सगळं सांगितलं. तिनं डबीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "तुम्हाला देव दिसला ना, तर त्याच्यातही खोट काढाल." मला हसू आलं, पण तिचे डोळे भरले होते. "मला भीती वाटते. आधी आबांना विचारा. मग काय करायचं ते करा."

आबा राहू गावचे. गावात पाळक पोचायचे नाहीत त्या काळात हेच शेतकरी गृहस्थ रविवारची उपासना चालवायचे. आईचा सगळ्यात जास्त विश्वास त्यांच्यावर. रविवारी दुपारी मी मोटरसायकल काढली. आबा मुलाच्या गुऱ्हाळावर खाटेवर बसले होते. समोर कढईत रस उकळत होता आणि आबा बसल्या जागेवरून कामगारांवर ओरडत होते. माझ्यासारखाच तिरसट माणूस, म्हणून आमचं जमतं.

मी सगळं बोलून टाकलं. आई, साक्ष, डबी, सगळं. आबांनी मध्ये एकदाही टोकलं नाही, हेच नवल. मग मी माझा वकिली मुद्दा काढला. "आबा, उपासानं डोकं हलकं होतं, त्यात लोकांना दर्शनं होतात. ते चालतं. मग हे का नाही?"

"मी लई उपास केल्यात," आबा म्हणाले. "मला तर भाकरच दिसायची."

कढईवरचा माणूस फिस्सकन हसला. आबांनी त्याला हातानंच गप्प केलं आणि माझ्याकडे वळले.

"तू कोर्टात कवा साक्ष दिलीया का?"

"नाही."

"मी दिलीया. दौंडच्या कोर्टात. बांधाचा खटला व्हता. शेजाऱ्याला बांधाचा दगड हालवताना आमी दोघांनी डोळ्यानं पाहिलं व्हतं. दुसरा गडी भित्रा. कोर्टाचं नाव काढलं की कापायचा. मंग धीर यावा म्हनून सकाळीच दोन घोट घिऊन आला. बोलला मातुर समदं खरं. माझ्यापरीस चांगलं बोलला. आन् समोरच्या वकिलानं येकच इचारलं, पिऊन आलायस का? झालं. त्याचं बोलनं कोर्टानं धरलंच न्हाई."

"खरं असूनही?"

"खरं असूनबी. आन् कोर्टाचं सोड. त्यालाच पुढं सौंशय याया लागला. गाठ पडली की मला इचारायचा, आपुन खरंच पाहिलं व्हतं ना रं?"

हे माझ्या वर्मावर बसलं. मी स्वतःला ओळखतो. डबीतलं खाऊन मला खरोखर देव भेटला असता, तरी दुसऱ्या दिवशी मी त्याला रिजेक्टच्या खोक्यात टाकलं असतं. मशरूम बोलला की देव बोलला, हे मरेपर्यंत तपासत बसलो असतो. त्या इंजिनिअरचं काय झालं ते मी ठरवणार नाही. बापाशी त्याचा समेट झाला, ते चांगलंच झालं. पण मला जे हवं होतं ते या वाटेनं मिळणार नव्हतं. मला भेट हवी होती, आणि मी निघालो होतो ती ओढून काढायला.

"मग मी येत्या रविवारी काय सांगू?" मी जवळजवळ ओरडलोच. "मी काहीच पाहिलं नाही, आबा!"

"मंग तसं सांग की. साक्ष म्हंजी पाहिलं त्येवढंच. जास्तीचं न्हाई आन् कमीचंबी न्हाई. तू साक्षीला साक्षात्कार समजून बसलायस, येड्या."

माझा जीव भांड्यात पडला. हे दोन शब्द मी लहानपणापासून एकच समजत आलो होतो, आणि नुसत्या त्या घोळापायी स्वतःला आतून पोकळ ठरवत होतो. आबांनी द्रोणात गरम गूळ दिला. जीभ भाजली, तरी मी तो चाटूनपुसून खाल्ला. किती महिन्यांनी मला कशाची तरी चव लागली होती.

सोमवारी डबी परत केली. "भीती वाटली का, सर?" इंजिनिअरनं विचारलं. "वाटली," मी म्हटलं. "खोटं दिसेल याची नाही. खरं दिसलं तरी मला ते धरता येणार नाही, याची." त्यानं डबी खिशात टाकली आणि मग आम्ही जेवलो. अजूनही तो माझ्यासमोरच बसतो.

झावळ्यांच्या रविवारी मी उभा राहिलो. चर्च भरलेलं होतं. "मी देव पाहिलेला नाही," मी म्हणालो. "त्याचा आवाजही ऐकलेला नाही. आईच्या कबरेपाशीही नाही." पुढच्या बाकावरचे पाळकसाहेब माइकच्या वायरीकडे बघू लागले. मी पुढे बोललो. आईला शेवटचे आठ महिने काहीच आठवत नव्हतं. दिवसा मावशी तिच्याजवळ बसायची, आणि शिफ्ट सुटली की मी सणसवाडीहून दौंडला जायचो. तिला धुवायचं, भरवायचं. तिला मी दवाखान्यातला माणूस वाटायचो. जेवण झालं की ती रोज हात जोडायची आणि म्हणायची, "देवा, या भल्या माणसाला पाठवलंस, तुझे आभार. याच्या आईला सुखात ठेव."

"मी एवढंच पाहिलं," मी म्हणालो. "आणि एक. मी तापट माणूस आहे, तुम्ही सगळे जाणता. त्या आठ महिन्यांत मी तिच्यावर एकदाही खेकसलो नाही. ते माझ्याच्यानं कसं झालं, मला माहीत नाही." आणि मी खाली बसलो.

सभा संपल्यावर मी बाहेर लिंबाखाली उभा होतो. अंगावरून मोठं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. रेल्वेतले एक निवृत्त गार्ड जवळ आले आणि कानात म्हणाले, "मलाही कधी काही दिसलं नाही." मग त्यांची बायको आली आणि तिनंही तेच सांगितलं, फक्त नवऱ्याला सांगू नका म्हणाली. मला हसू आवरेना. आणि सगळ्यात शेवटी काठी टेकत मावशी आली, ती उजेडवाली.

"माझा उजेड त्यो येकदाचाच रं," ती म्हणाली. "लेकीच्या टायमाचा. त्या लेकीला आता नातवंडं झाली. फुडं कवाच काय न्हाई. दवाखान्याची भित ती भितच."

मी चाटच पडलो. "मग मावशी, एवढी वर्षं दर रविवारी येता कशाला?"

तिला राग आला. काठी आपटून म्हणाली, "कशाला म्हंजी? तुझी आई तुला वळखत न्हवती. तू यायचा थांबलास का?"

मला रडू आलं, कबरेपाशी आलं नव्हतं तसं, सगळ्या मंडळीसमोर, भर दुपारी. मावशीनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि मी ते पुसू दिलं.