हातात काही घातलं नव्हतं

“दारात सापडला हात, मॅडम. लई वारं हुतं, दार आपटलं.”

संतोष हे पुन्हा पुन्हा सांगत होता आणि मी पुन्हा पुन्हा त्याच्या वडिलांच्या मनगटाकडे बघत होते. दारात सापडलेले हात मी भरपूर पाहिलेत. बोटं चेचतात, नखं काळीनिळी पडतात. इथे बोटं शाबूत होती. सुजलं होतं ते मनगट, आणि त्याच्याभोवती बांगडीसारखा गोल, खोल वळ. त्यावर हळद थापलेली. आता दार काही मनगटाला वेटोळं घालत नाही.

मी नगरला सर्जन आहे. स्वभाव संशयी. नवरा म्हणतो, तू चुकून डॉक्टर झालीस, पोलिसात जायचं होतंस. म्हणू दे. पण पेशंट गप्प आणि नातेवाईकच घडाघडा बोलायला लागला की माझे कान टवकारतातच.

हा संतोष घोडेगावच्या बाजारात म्हशींचा व्यापार करतो. फोन आला तसा बाजारातून घरी आणि घरून थेट इकडे, त्यामुळे खांद्यावर जनावरं बांधायचं नवं कोरं दावं तसंच होतं. मी दाव्याकडे बघितलं, मग वळाकडे बघितलं. मनात नको ते आलं. म्हाताऱ्याला बांधून तर घातलं नव्हतं?

“अण्णा, तुम्ही सांगा. काय झालं?”

अण्णा म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. सरळ माणूस दिसत होता. ते तोंड उघडणार, तोच संतोष मध्ये पडला. “सांगितलं की मॅडम. तुमी प्लास्टर करा, आमी जातो.”

“हातात काय घातलं होतं? घड्याळ? कडं?”

“काईच न्हाई घातलं.”

अण्णांनीही मान डोलावली. बाहेर बाकावर त्यांची बायको बसली होती. ती दारातून डोकावली की संतोष लगेच “आई, तू बस भाईर” म्हणून दार लोटायचा. आता घरच्याच बाईला बाहेर ठेवायचं काय कारण? माझं डोकं भणभणायला लागलं.

“सिस्टर, एमएलसीची तयारी ठेवा,” मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. एमएलसी म्हणजे जी केस पोलिसांना कळवावी लागते ती.

संतोषचा चेहरा खर्रकन उतरला. “पोलीस कशाला, मॅडम? आमी काय केलंय?”

“तेच तर मघापासून विचारतेय.”

त्याने उठून दार पुन्हा घट्ट लोटलं.

इकडे एक्स-रे आला. मनगटाचं हाड मोडलं होतं, पण जागेवर होतं. मला काळजी वेगळीच होती. अण्णांची बोटं गार पडत चालली होती. नख दाबलं की ते पांढरं होतं आणि सोडलं की लगेच गुलाबी व्हायला हवं. इथे पांढरं नख पांढरंच राहत होतं. म्हणजे रक्त पुढे पोचत नव्हतं. एवढ्याशा फ्रॅक्चरने असं व्हायला नको. दुसरं काहीतरी होतं, आणि ते काय हे दोघं बापलेक मला सांगत नव्हते. हळद पुसायला गेले तर अण्णा कळवळून हात ओढून घेत. असा राग आला म्हणून सांगू!

संतोषला बाहेर काढलं. इंजेक्शनने हात बधिर केला. स्टूल ओढून अण्णांच्या समोर बसले आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा नीट बघितला. भुवयांच्या वर, कानांत, केसांत बारीक पिवळसर भुसा. डोळ्यांभोवती मात्र स्वच्छ गोल. नाका-तोंडावरही स्वच्छ पट्टा.

“अण्णा, दार लावताना गॉगल आणि मास्क लावता का तुम्ही?”

ते चपापले.

“लाकडाचं मशीन आहे ना घरी? हे बघा, खरं कारण कळलं नाही तर ही बोटं जातील. मी घाबरवत नाहीये, आहे ते सांगतेय.”

अण्णांनी आधी दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, “लेथ आहे छोटा. रिटायर झाल्यावर घेतला. लाटणी करतो, भोवरे करतो.”

लेथ म्हणजे लाकूड गरागरा फिरवणारं मशीन. फिरत्या लाकडाला पटाशी टेकवली की ते गोल होत जातं. त्यात काही अडकलं तर मशीन ते गुंडाळत नेतं, आणि मागोमाग हातही.

“पण मी सगळी काळजी घेतो हो, डॉक्टर! गॉगल, मास्क, पायात बूट. बाह्या कोपरापर्यंत दुमडतो. घड्याळ काढतो, अंगठी काढतो. हातमोजे तर घालतच नाही, तेही अडकतात म्हणे.”

“मग अडकलं काय?”

त्यांचे डोळे भरून आले. “हिला सांगू नका. मशीन घेतलं तेव्हाच ही म्हणाली होती, हात घालवून बसाल. मग देवीचा काळा दोरा आणून बांधला, हाताला काही होऊ नये म्हणून. त्यानंच हे झालं कळलं तर ती अन्नाला शिवायची नाही. संतोषला मीच शपथ घातली.”

“आणि तो दोरा?”

“दुसऱ्या हातानं मशीन बंद करून मी हात सोडवला. आवळलेला दोरा संतोषनं घरी आल्यावर कात्रीनं कापून टाकला की.”

मी हळद धुऊन काढली. चिमट्याने सुजलेली कातडी बाजूला केली आणि वळाच्या तळाशी काळी रेघ दिसली. दोऱ्याचे दोन वेढे बसले होते. वरचा कापला गेला, खालचा सुजेत बुडाला, वर हळद बसली. पूर्वी सुती दोरा असायचा, झटका बसला की तुटायचा. हा नायलॉनचा. तुटायचं नाव नाही, उलट सुजेबरोबर आवळत चाललेला.

कात्रीचं टोक घालून मी तो कापला. जरा वेळाने नख दाबून सोडलं, तर गुलाबी! मला इतकं हायसं वाटलं की मी सिस्टरचा हातच धरला.

संतोषला आत घेतलं. तो म्हणाला, “दाव्याकडं बघत हुता तुमी. मला कळत हुतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“आईपाई.”

मी माझा संशय गिळला.

प्लास्टरची पट्टी बांधून होते न होते तोच काकू दार ढकलून आत आल्या. त्यांनी प्लास्टरकडे बघितलंच नाही. “ह्यांच्या हातातला दोरा कुठंय? अंघोळीला बी काढत न्हाईत हे. मी आल्यापून बघतीय.”

अण्णा छताकडे बघायला लागले, संतोष जमिनीकडे.

“माझ्याच दोऱ्यानं केलं ना हे?” असं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडल्या.

“काकू, दोऱ्याची चूक नाही, जागेची आहे,” मी म्हणाले. “फिरत्या मशीनपाशी हातात काही म्हणजे काही नको.”

मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून देवीच्या दोऱ्याची नवी पुडी काढली. बहुधा दुसऱ्या हाताला बांधायला आणली होती. “आता ह्येचं काय करू?”

“मशीनच्या बटणाला बांधा.”

तेव्हापासून मी पेशंटला “हातात काय घातलं होतं?” असं विचारत नाही. दाराची गोष्ट सोडली तर संतोष तसं खोटं बोललाच नव्हता. दोरा कोणी घालत नाही, तो बांधतात, आणि एकदा बांधला की तो आहे हेच विसरतात. मी आता विचारते, “अंगावर काय काय होतं?”

प्लास्टर निघाल्यावर अण्णा एक गुळगुळीत लाटणं घेऊन आले. मूठ घट्ट वळत होती. मी विचारलं, “मशीन चालू केलंत?”

“मी कुठला करतोय? बटणाच्या झाकणावरून हिनं दोऱ्याची अशी गाठ मारलीय की मला सुटतच नाही. हाक मारावी लागते. ती येते, आधी माझी दोन्ही मनगटं बघते, मग गाठ सोडते.”