शिक्षकदिनाचं एक वाक्य

आई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात शिक्षकदिन आला. पिढ्यांपूर्वी तमिळ मुलखात आलेल्या आमच्या कुंभकोणमच्या घरात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच उरलो होतो. आता मी एकटी. त्या दिवसांत मला रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. शाळेत जायचं, गणित शिकवायचं, बसने घरी यायचं, एवढंच चाललं होतं.

दहावीच्या मुलींनी मला वर्गात पुढे बोलावलं. दारासुरमच्या एका विणकराच्या मुलीने आपल्या आईने विणलेली रेशमी शाल माझ्या खांद्यांवर घातली. टाळ्या वाजल्या. अशा वेळी हसायचं असतं हे आठवून मी हसले. मग तिने तळहातावर तमिळ अक्षरांत लिहिलेलं काहीतरी हळूच पाहिलं आणि अडखळत म्हणाली, "टीचर, तुम्ही जेवलात का?"

मुलींनी ते वाक्य मोबाइलवर शोधून पाठ केलं होतं. ती महाराष्ट्रातली मराठी होती, आमच्या घरातल्यासारखी जुन्या वळणाची नव्हती.

"साप्टाच्चु," मी सवयीने तमिळमध्ये म्हणाले. जेवण झालं. ते खरं नव्हतं.

तिचा चेहरा पडला. "मराठीत सांगा ना, टीचर," ती तमिळमध्ये म्हणाली.

आई गेल्यापासून मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही जेवले."

अर्थ कुणालाच कळला नाही. मुलींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला. दहीभाताला चव लागली नाही, पण मी तो संपवला.