नोटीस बोर्डावरची नावं

मला नोटिशीखाली सही करायची भारी हौस. शाळेत मुख्याध्यापिका झाल्यापासून ती लागलीय. पण ज्या कॉलेजात मी शिकले तिथल्या बोर्डावर आपली सही झळकेल, असं कधी वाटलं नव्हतं. झळकली, आणि आता मला तिची लाज वाटते.

आम्ही तिघं होतो. धुळ्याहून मी, जळगावच्या कोर्टात वकिली करणारी माझी वर्गमैत्रीण, आणि एसटी डेपोतून निवृत्त झालेले, कॉलेजात आमच्या दोन वर्षं पुढे असलेले, सगळे ज्यांना भाऊ म्हणतात ते. तिघंही बौद्ध घरांतले, तिघंही त्याच कॉलेजचे. तिथे जातीवरून पोरापोरींना अजून टोमणे बसतात असं कानावर आलं, तेव्हा आम्ही प्राचार्यांना भेटलो. "माजी विद्यार्थी म्हणून या, मुलांशी बोला, आम्हाला आनंदच आहे," ते म्हणाले. आनंद व्हायला त्यांचं काय जात होतं? दर शनिवार ठरला.

माझ्या वेळी मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्तीचा कारकून भर तासाला वर्गात यायचा आणि यादी मोठ्यानं वाचायचा. नाव आलं की उभं राहायचं. माझं आडनाव दोन्हीकडे चालणारं, मराठ्यांतही आहे आणि आमच्यातही. त्यामुळे पहिले दोन महिने मी मैत्रिणींच्या डब्यात बिनधास्त जेवले होते. मी उभी राहिले त्या दुपारी त्या डबे घेऊन दुसऱ्या झाडाखाली बसल्या. हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी मी दीड तास एसटीचे हादरे खात जात होते.

पहिल्या शनिवारी कुणीच फिरकलं नाही. "नुसत्या नोटिशीनं कोण येतंय?" भाऊ म्हणाले. "आपल्याकडे पत्रिकेत नाव छापलं नाही तर सख्खा चुलता लग्नाला येत नाही. नावं घाला." आम्हाला ते फारच पटलं. ऑफिसातून शिष्यवृत्तीची यादी मागितली, तीही हसतमुखानं मिळाली. वर लिहिलं, 'जातीवरून त्रास होत असल्यास खालील विद्यार्थ्यांनी घाबरू नये, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.' खाली सगळी नावं. त्याखाली माझी लफ्फेदार सही. आम्हा तिघांपैकी एकालाही त्या कारकुनाची आठवण झाली नाही. मलासुद्धा नाही. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय म्हणू!

पुढच्या शनिवारी एकच मुलगी आली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची. आत न येता दारातूनच तिनं विचारलं, "मॅडम, ती सही तुमची का?"

मी ऐटीत हो म्हणाले.

मग तिनं जे सांगितलं ते ऐकताना बसल्या जागी धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. तिचंही आडनाव माझ्यासारखंच, दोन्हीकडे चालणारं. कॉलेजजवळच्या घरात ती तीन मैत्रिणींबरोबर राहत होती. मालकिणीनं खोली देताना आडनाव विचारलं होतं आणि स्वतःच्या समजुतीनं खूश झाली होती. चौघी एका कढईत शेवभाजी करायच्या. आमची नोटीस लागली त्याच दिवशी तिघींनी तिला न सांगता आपापलं जेवण उरकलं. चौथ्या दिवशी मालकिणीला एकदम आठवलं की पाहुणे येणार आहेत, खोली हवी. कॉलेजच्या वसतिगृहात जागा नव्हती. दुसरी खोली मिळाली नाही तर शिक्षण बंद, असं घरचे म्हणत होते.

वकील मैत्रीण उसळली. "तक्रार करू. कायदा आहे."

"त्यात माझं नाव लिहावं लागेल ना?" मुलीनं विचारलं. कोर्टात कुणाचं न ऐकणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं काढलेलं पेन परत पर्समध्ये ठेवलं.

मुलीचे वडील पत्र्याची पेटी घेऊन व्हरांड्यात उभे होते. मला हात जोडून म्हणाले, "अक्का, तुम्हीन बठ्ठा चांगला मानसे शेतस. पन मन्ही पोरनं नाव भितवर काबर लाई दिन्हं?" तुम्ही सगळी चांगली माणसं, पण पोरीचं नाव भिंतीवर का लावलं, एवढंच त्यांनी विचारलं; ते भांडले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मी खोली शोधून देते. त्या दोघांना घेऊन मी चार घरं फिरले. तीन ठिकाणी मी आधी माझं मुख्याध्यापिकापण पुढे केलं, तरी गाडी आडनावावरून 'म्हणजे कोणातले?' वर आलीच. चौथ्या घरी मला तोंड उघडू न देता मुलगीच म्हणाली, "आम्ही बौद्ध." खोली कालच गेली होती म्हणे. दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच.

परतीच्या एसटीत मी, ती मुलगी आणि तिचे वडील एकत्रच चढलो, त्यांचं गाव धुळ्याच्या वाटेवर होतं. ती दोघं पुढच्या बाकावर बसली. माझ्या शेजारी मांडीवर पिशवी घेतलेली एक म्हातारी होती. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर तिनं विचारलं, "आडनाव काय तुमनं, अक्का?"

मी सांगितलं. नुसतं आडनाव.

तिचा चेहरा खुलला. "मंग तं आपलामाच शेतस!" म्हणत, मला मराठ्यांतली, आपल्यातलीच धरून तिनं पिशवीतून ओंजळभर शेंगा काढल्या.

पुढच्या बाकावरची मुलगी वळून बघू लागली. चार घरं फिरून दमलेला तिचा चेहरा माझ्याकडे होता. दोन शब्द बोलायचे होते मला, तिनं चौथ्या दारात बोललेले तेच. पण मी हात पुढे केला आणि शेंगा घेतल्या. ती परत समोर पाहू लागली.

त्यांचं गाव आलं. बापलेक पेटी घेऊन उतरले. तिनं खिडकीकडे पाहिलं नाही.

"खा ना, अक्का," म्हातारी म्हणाली, "घरन्या शेंगा शेतस."

मी खाल्ल्या.