कुरडया आत, आम्ही बाहेर

कुरडया वाळवायला राष्ट्रीय उद्यानात गेलेलं आमचं घराणं देशातलं पहिलंच असावं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझ्या नणंदेचं, शैलाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. बैठकीत तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या विहीणबाईंनी सहज विचारलं, "रुखवताचं घरीच करता, की बाहेरून आणता?" आणि मी, अजून नवी म्हणावी अशी सून, चहाचा ट्रे धरून म्हणाले, "छे हो! कुरडया तर मीच करते. तळल्या की परातीएवढ्या फुलतात!" माझ्या सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की ट्रेमधले कप किणकिणले. कारण तोवर मी कुरडई फक्त खाल्ली होती!

पण आता शब्द देऊन बसले होते. गहू भिजवले, वाटले, चीक काढला, शिजवला, सोऱ्या दाबून दाबून खांदे निखळायची वेळ आली. अखेर पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर पांढऱ्याशुभ्र कुरडया अवतरल्या. सासूबाई म्हणाल्या, "बऱ्या झाल्यात." (त्यांच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदकच!) आणि दुसऱ्याच दिवशी आभाळ भरून आलं. फाल्गुनात!

"ओल्या राहिल्या तर आंबतील गं," सासूबाई म्हणाल्या. नेमकं त्याच दिवशी आम्हाला गुजरातेत वांसद्याला जायचं होतं. तिथल्या मामांना, म्हणजे सासूबाईंच्या भावाला, पत्रिका हातात द्यायची होती.

"मामाकडे कडक ऊन असतं. बरोबरच नेऊ की!" हे म्हणाले. यांनी नुकतीच सेकंडहँड गाडी घेतली होती, आणि त्या गाडीला जमणार नाही असं जगात काही नाही, अशी यांची समजूत होती. झालं! टपावरच्या कॅरिअरला बाज बांधली. बाजेवर धोतर, धोतरावर कुरडया, त्यावर सासूबाईंचं जुनं लुगडं. शैला घरीच राहिली, नवरीला उन्हात कोण नेतं? आम्ही तिघं निघालो, तर शेजारच्या काकू धावत आल्या.

"अगं बाई! कोणाला नेताय दवाखान्यात?"

"अरे मधू, हळू! उडतील!" हा सासूबाईंचा जप दिंडोरीपासून सुरू झाला. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. वणीला ऊन पडलं, लुगडं काढलं. बोरगावला ढग आले, लुगडं घातलं. सापुताऱ्याला तर धुकं आणि बोचरा वारा! सासूबाईंनी अंगावरची शाल काढून बाजेवर घातली.

"अहो आई, थंडी वाजेल तुम्हाला!"

"मला काय होतंय? मी थोडीच आंबणार आहे!"

घाट उतरलो, वघई मागे टाकलं आणि वांसद्याचं राष्ट्रीय उद्यान लागलं. रस्ता जंगलातूनच जातो. तिथे लख्ख ऊन! गाडी कडेला घेतली, लुगडं काढलं. लोक इथे मोर आणि बिबटे बघायला येतात. आम्ही तिघं माना वर करून बाजेकडे बघत उभे राहिलो. तेवढ्यात माझ्या नाकावर टप्पकन काहीतरी आपटलं.

"गारा!" हे ओरडले.

"आधी कुरडया आत घ्या!" सासूबाई त्याहून मोठ्याने ओरडल्या.

अशी धावपळ मी लग्नघरातही पाहिली नाही. मागची सीट भरली, पुढची भरली, यांची ड्रायव्हरची जागासुद्धा भरली. काचा वर, दारं बंद. हुश्श! आणि मग लक्षात आलं, की कुरडया गाडीत आहेत आणि आपण बाहेर! यांनी रिकामी बाज सोडवून डोक्यावर धरली, तिच्याखाली आम्ही दोघी. बाजेच्या भोकांतून गारा बरोब्बर माझ्याच डोक्यात पडत होत्या.

थोड्या वेळाने गारा थांबल्या आणि पुन्हा रणरणतं ऊन. बंद गाडीची अगदी भट्टी झाली. कपडे वाळवत आम्ही तिथेच थांबलो. बऱ्याच वेळाने सासूबाईंनी दार किलकिलं करून एक कुरडई चाचपली.

"सुमन, खडखडीत वाळल्या गं! जमलं तुला!"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तेवढ्यात सायकलवरून जंगलखात्याचा गार्ड आला.

"अरे, बाहर क्यों खडे हो? अंदर बैठो!"

"जगह नहीं है!" हे म्हणाले.

"क्यों? अंदर कौन है?"

"कुरडया! शादी की!"

"जो भी हो, उनको सरकाओ! इधर दिपडा घूमता है!"

"दिपडा म्हणजे काय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"बिबट्या गं, आई!"

आणि मागच्या झुडपात खसफस झाली. सासूबाई पायातली चप्पल उगारून गाडीचं पुढचं दार अडवून उभ्या राहिल्या. बिबट्याची काय बिशाद होती कुरडईला हात लावायची! हे बाजेआड लपले. आणि मी? मी मागचं दार उघडलं आणि धाडकन आत बसले.

कर्रर्रर्र!

झुडपातून एक रानकोंबडी बाहेर आली, आमच्याकडे बघून घाबरली आणि पळाली.

मला उठवेना. हुंदकाच फुटला. "आई, सगळं वाटोळं केलं मी!" सासूबाई चप्पल हातात घेऊनच आल्या. (एक क्षण वाटलं, आता ही आपल्यासाठीच!) त्यांनी खाली वाकून सीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम पोट धरून हसत सुटल्या. आमच्या घरात येऊन मी त्यांना असं हसताना प्रथमच पाहत होते. "ऊठ, हळू ऊठ," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पुढच्या शाबूत आहेत. मागच्यांचं मी बघते."

लग्नात रुखवतावर शाबूत कुरडया ऐटीत मांडल्या. चुरा सासूबाईंनी तळला, दाणे-कढीपत्त्याची फोडणी दिली आणि काचेच्या बरणीत भरून शेजारी ठेवला. विहीणबाईंनी कुरडयांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चिवडा मात्र दोनदा मागून घेतला.

"कुरडईचा चिवडा! नवीनच की! आणि चुरा किती एकसारखा हो! कशाने केलात?"

यांना अचानक खोकल्याची उबळ आली. मी पदराचे काठ न्याहाळू लागले. सासूबाईंनी मात्र मला डोक्यापासून खालपर्यंत शांतपणे पाहून घेतलं, विशेषतः मध्यभागी.

"काही विकत आणावं लागत नाही हो," त्या म्हणाल्या. "आहे आमच्या घरातच!"