घट्ट केलेल्या आकड्या

माझ्या साडूंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात त्यांचा विषय निघाला की मी उठून गॅलरीत जातो आणि बायकोला वाटतं, मला धाप लागली. आता वय झालं, आणि जे सांगायचं राहिलं ते माझ्याबरोबर जाणार, एवढं दिसतंय. म्हणून लिहितो. पहिल्यांदा हे सांगतो की फुकट वाटायच्या वस्तूंवर या माणसाइतका जीव पृथ्वीवर दुसऱ्या कोणी लावला नसेल. लेकीसाठी स्थळ बघावं तसे ते किल्ल्यांचं कीचेन बघत: उलटसुलट करून, चार नातेवाइकांना विचारून आणि शेवटी नापसंत करून.

भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमच्या शेठचा बिजागऱ्यांचा कारखाना होता. मी तिथे सेल्स बघायचो आणि साडूंना मीच खरेदी खात्यात चिकटवलं होतं. दरवर्षी फर्निचरच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरायचं, त्यात आमचा स्टॉल असायचा आणि स्टॉलवर आलेल्याच्या हातात कंपनीचं नाव छापलेली एखादी वस्तू ठेवायची पद्धत होती. बाकीच्या कंपन्यांत हे काम चहा पिता पिता उरकतं. साडूंना वर्ष अपुरं पडायचं. नमुन्याचं पेन आलं की ते आधी भिंतीला कागद लावून लिहून बघत, कारण त्यांच्या मते सुतार आणि ठेकेदार बसून लिहीतच नाहीत. एका वर्षी टोप्यांचा नमुना आला, तेव्हा रंग जातो का ते बघायला त्यांनी टोप्या घरच्या कपड्यांबरोबर भिजत घातल्या. पुढे कितीतरी दिवस नवघर भागात त्यांच्या इमारतीखालून जाताना वरच्या दोरीवर निळ्या बनियनांची रांग दिसायची. माझी मेहुणी म्हणाली, "भाऊजी, यांना कंपनीतच झोपायला सांगा. बादली तरी माझी राहील."

कापडी पिशवीची परीक्षा तर मी डोळ्यांनी पाहिली. ते मला रविवारी बसने पार समुद्राकाठच्या चौक गावाला घेऊन गेले आणि तिथल्या एका मासेवालीच्या हातात पिशवी देऊन म्हणाले, "मावशी, हिच्यात भर आणि आठवडाभर वापर. मी परत येतो." पुढच्या रविवारी मावशीने निकाल दिला. "पिशवी बरी हाय. पन तुझ्या शेटचं नाव केवढं मोठं हाय रे. मासे घेनारा आधी नाव वाचतंय, मंग भाव पाडतंय." साडू परत येताना गंभीर होते. सोमवारी त्यांनी शेठना सांगितलं की नाव बारीक छापायचं. शेठ भडकले, "नाम दिखेगा नहीं तो बाँटने का क्या फायदा?" साडू शांतपणे म्हणाले, "शेठ, आदमी घर में रखेगा तब तो दिखेगा." त्या वर्षी नाव इतकं बारीक छापलं गेलं की पिशव्या कोणाच्या हे आम्हालाही चष्मा लावून बघावं लागे.

कोणाच्याही घरी गेले की ते कुठली वाटपाची वस्तू अजून वापरात आहे ते शोधत. माझ्या आईच्या तेराव्याला सगळे मान खाली घालून बसलेले असताना हे स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते. नंतर मला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात म्हणाले, "दादा, आई गेल्या, वाईट झालं. पण तुमच्या खिळ्याला आपल्या समोरच्या कंपनीचं कीचेन लटकतंय, ते जास्त लागलं." मला राग आला होता. आज त्या रागाचंही वाईट वाटतं.

अशा माणसाला शेवटी मनासारखी वस्तू सापडली ती मापाची टेप. सुताराच्या पँटला दिवसभर अडकलेली राहील आणि दर मापाला कंपनीचं नाव दिसेल. ते मला म्हणाले, "दादा, आता माझं काम संपलं. यापुढे काही निवडलं नाही तरी चालेल." त्यांनी नमुना वर्षभर स्वतःच्या कमरेला लावला होता. लोकांच्या लग्नातसुद्धा.

माल यायच्या सुमारास त्यांची आई वारली आणि ते माणगावजवळच्या त्यांच्या गावाला गेले. तिथून फोन आला. "दादा, टेप आल्या का? मी येईपर्यंत खोके फोडू नका. एकदा नजर घालतो, मग वाटा." मी बरं म्हणालो. प्रदर्शन तोंडावर आलं होतं, म्हणून मी खोके फोडले. टेप बाहेर ओढली तर टोकाची पत्र्याची आकडी हलत होती. दुसरी बघितली, तीही. सगळ्याच हलत होत्या. आम्ही बिजागऱ्या विकणारे लोक, आमची कुठली वस्तू लुळी निघाली तर बाजारात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी फोरमनला बोलावलं आणि कारखान्यातल्या रिव्हेट मशीनवर सगळ्या आकड्या घट्ट ठोकायला सांगितलं.

तो म्हणाला, "साहेब, टेपचं असंच असतं वाटतं."

"वाटतं, की माहितीये?"

"वाटतं."

"मग ठोक."

सगळ्या टेप प्रदर्शनात वाटल्या गेल्या. लोक मागून मागून नेत होते. मी खूश होतो.

ती आकडी मुद्दाम सैल ठेवलेली असते, हे मला मिरा रोडच्या एका सुतार ठेकेदाराने शिकवलं. शेठच्या केबिनमध्ये त्याने आमची टेप टेबलावर आपटली. फळीच्या कडेला अडकवली की आकडी स्वतःच्या जाडीइतकी बाहेर सरकते, आणि कपाटाच्या आत टेकवली की तेवढीच आत जाते, म्हणून दोन्ही मापं बरोबर येतात. घट्ट केली की एक माप चुकतंच. त्याच्या माणसांनी आमच्या टेपने एका घरातली स्वयंपाकघराची कपाटं केली होती आणि एकही दार नीट मिटत नव्हतं. "ये आकड़ी हिलनी चाहिए, सेठ. हिलती है तभी सच बोलती है. कब्ज़ा बनाते हो और इतना नहीं मालूम?" कब्ज़ा म्हणजे आमची बिजागरी.

ठेकेदार गेल्यावर शेठनी सगळ्यांना आत बोलावलं. साडू त्याच दिवशी गावाहून परतले होते. डोक्यावर केस नव्हते, गोटा केलेलं डोकं ट्यूबलाइटखाली चमकत होतं. शेठनी विचारलं, "ये चीज़ किसने पसंद की थी?" आणि सगळे त्या डोक्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं वाटपाची वस्तू म्हणजे साडूंची पसंती, हे कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं. साडूंनी टेप हातात घेतली. आकडीवर अंगठा दाबला, ती हलली नाही. मग त्यांनी ती उलटी केली आणि रिव्हेटचं डोकं बघितलं. आमच्या मशीनचा ठसा त्यांना ओळखू आला नसेल, हे मला शक्य वाटत नाही. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. फोरमन खाली बघत होता, कारण मी त्याचा साहेब होतो. मी बोलायला तोंड उघडलं होतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही.

"पसंद मेरी थी, शेठ," साडू म्हणाले.

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच मला गप्प बसणं सोपं गेलं.

त्यांना पॅकिंगला बसवलं. दिवाळीनंतर ते आपणच यायचे बंद झाले. मला त्यांनी कधी काही विचारलं नाही, घरी गेलो तर चहा ठेवायला सांगायचे, बसा म्हणायचे. पण वस्तूंकडे बघणं त्यांनी सोडलं. मेहुणी सांगायची की बाजारात वांगीसुद्धा हातात घेत नाहीत, तूच बघ म्हणतात आणि बाजूला उभे राहतात. माझ्या मुलीच्या लग्नात आहेराला परत काय द्यायचं, ते तुम्ही ठरवा, असं मी मुद्दाम जाऊन सांगितलं. वाटलं, एवढ्याने तरी काही फिटेल. ते हसले. "दादा, मला त्यातलं काही कळत नाही हो. दुकानदारालाच विचारा." मी मग दुकानदारालाच विचारलं.

गेल्या वर्षी फुप्फुसं खराब झाली म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी एकटा गेलो. रिक्षात सगळी वाक्यं जुळवली होती. ते उशीला टेकून बसले होते, नळी लावलेली, हात बारीक झालेले.

"दादा, जेवलात?"

"हो. तुम्ही?"

"हे लोक कसलं जेवण देतात. पेज असते नुसती." थोडा दम घेऊन म्हणाले, "तुम्ही आलात, बरं वाटलं."

मग त्यांनी डोळे मिटले. मेहुणी थर्मास घेऊन आत आली आणि म्हणाली, "बोला ना भाऊजी, ते जागेच आहेत. नुसते पडलेत." मी म्हणालो, आराम करू दे, उद्या येतो. त्यांनी डोळे न उघडताच हात थोडा उचलला. दुसऱ्या दिवशी मी निघायच्या आधीच फोन आला.

मला त्या खुर्चीवर बसून एवढंच म्हणायचं होतं: साडूभाऊ, त्या आकड्या मी ठोकायला लावल्या. तुमची निवड बरोबर होती. शेठनी विचारलं तेव्हा मी बोलायला हवं होतं, बोललो नाही. मला माफ करा.